कॅन्सरनंतरचं नवरा-बायकोपण

गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर झालेल्या बायकांसाठी माहितीपत्रकं पुष्कळ आहेत. मी मिळतील तेवढी जमवली होती. काय खायचं, किती वजन उचलायचं, लघवीला त्रास झाला तर काय करायचं, पाय सुजले तर कुणाला दाखवायचं, सगळं त्यांत आहे. नवऱ्याजवळ पुन्हा जायचं कसं आणि गेल्यावर अंगाला पूर्वीसारखं काही कळेल की नाही, हे त्यांत नाही. असलंच तर शेवटच्या पानावर एक ओळ असते, ‘डॉक्टरांचा सल्ला घ्या’. मी तो सल्ला घ्यायला फार उशीर केला. तुम्ही करू नये म्हणून लिहिते आहे. लाज वाटते, पण लाजेपेक्षा भीती वाईट, आणि ती मी बरीच सोसली आहे.

आधी घरचं सांगते. आम्ही अलिबागजवळ, थळच्या अलीकडे राहतो. माझे यजमान दिलीप खताच्या कारखान्यात प्लांटवर आहेत, शिफ्टची नोकरी. मी किहीमच्या कॉटेजमध्ये उतरणाऱ्या पाहुण्यांना घरगुती जेवण पुरवते. शनिवार-रविवारी हाताखाली दोन बायका असतात. सुरमई किती, भाकऱ्या किती, कुठल्या कॉटेजवर शाकाहारी आणि कुठल्यावर लहान मुलं, हे सगळं मी आदल्या दिवशी लिहून फ्रिजवर लावते. आमची मुलगी मुग्धा पनवेलला हॉस्टेलवर राहून शिकते. भिंतीला भिंत लागून मोठ्या दिरांचं घर आहे. त्यांची बायको सुमनवहिनी, माझी मोठी जाऊ.

शिफ्टवाल्याच्या घरात नवरा-बायकोचं सगळंच शिफ्टवर चालतं. फर्स्टचा, म्हणजे सकाळच्या शिफ्टचा, आठवडा आमचा, सेकंडचा अर्धामुर्धा आमचा, आणि नाइटचा कारखान्याचा. लग्न झाल्यापासून हे असंच. आम्ही त्यावर कधी बोललो नाही, पण कॅलेंडरवर फर्स्ट आली की दोघंही जरा खुशीत असायचो. एकमेकांबद्दल तक्रार नव्हती. माझं वय तेव्हा सत्तेचाळीस होतं आणि मला ते सगळं आवडत होतं. हे वाक्य लिहायला मला एक सकाळ लागली.

चादर

पहिलं लक्षण फर्स्टच्याच आठवड्यात दिसलं. जवळ आल्यानंतर चादरीवर रक्त. मी म्हटलं, पाळी जायचं वय आहे, असं व्हायचंच. पुढच्या फर्स्टला पुन्हा तसंच झालं. दिलीपनी चादर पाहिली आणि सकाळी डॉक्टरकडे जायचं ठरवून टाकलं. मी म्हटलं, शनिवारची ऑर्डर होऊ दे. ते म्हणाले, ऑर्डर कुणीही करील. आमच्यात तेवढ्यावरून भांडण झालं आणि मी ऑर्डर करूनच गेले.

दिलीप काळजी करणारा माणूस आहे. घरातला दिवा बदलायचा असला तरी मेन स्विच बंद करतात आणि त्यावर कागद चिकटवतात, ‘काम चालू आहे, हात लावू नये’. कारखान्याची सवय. मुग्धा आणि मी हसायचो.

अलिबागच्या डॉक्टरबाईंनी तपासणी करून आतला एक तुकडा लॅबला पाठवला. रिपोर्ट आणायला मी एकटीच गेले, कारण बाजारही करायचा होता. त्यांनी आधी विचारलं, बरोबर कोण आलंय? तेवढ्यावरूनच मला समजलं. पुढचं त्या समजावून सांगत होत्या आणि मी डोक्यात कामं लावत होते. मुग्धाची परीक्षा होईपर्यंत तिला सांगायचं नाही. दिवाळीच्या ऑर्डरी दुसऱ्या कुणाला द्यायच्या. फ्रीझर रिकामा करायचा. बाहेर पडून मी कोकम, नारळ, आलं-लसूण सगळं बिनचूक घेतलं, सहा आसनी रिक्षात बसले आणि घरी आले. दिलीपनी दारातच विचारलं, स्कूटर कुठाय? स्कूटर दवाखान्याच्या बाहेरच राहिली होती. मग मी खाली बसले आणि त्यांना सांगितलं. ते तसेच वळले. स्कूटर आणायला गेले आणि फार वेळाने आले.

सर्जनसमोर

मुंबईच्या हॉस्पिटलात सर्जनना भेटायला आम्ही तिघं मांडव्याहून बोटीने गेलो. आत पेशंटबरोबर एकालाच सोडत होते. सुमनवहिनी म्हणाल्या, बायकांचं आजारपण आहे, मी जाते. दिलीप बाहेर बाकावर बसले. पुढेही दोघं बरोबर आले की हेच व्हायचं. मला तेव्हा ते सोयीचं वाटलं.

सर्जन चांगले होते. गर्भाशय, त्याचं तोंड आणि आजूबाजूचा भाग काढावा लागेल म्हणाले. मग विचारलं, मुलं किती? एक मुलगी, कॉलेजात आहे. मग कुटुंब पूर्ण झालंय, काही प्रश्न नाही, असं म्हणून त्यांनी कागदावर खूण केली. माझे प्रश्न तयार होते. लघवीवर परिणाम होईल का? मोठी पातेली कधीपासून उचलता येतील? नंतर शेक द्यावे लागतील का, म्हणजे रेडिएशन? त्यांनी सगळ्यांची उत्तरं दिली. एक प्रश्न उरला होता. ‘आजूबाजूचा भाग’ म्हणजे नक्की काय, आणि त्यात मला जे सुख कळतं तेही जाणार का? वहिनी शेजारी बसल्या होत्या. सर्जन पुढची फाईल ओढत होते. मी म्हटलं, झाले प्रश्न.

त्या प्रश्नाने पुढे माझा पिच्छा पुरवला. कॅन्सरची भीती सगळ्यांना माहीत असते, लोक धीर देतात. या भीतीला धीर द्यायला कुणीच नव्हतं, कारण ती मला आहे हेच कुणाला माहीत नव्हतं. ऑपरेशनच्या सकाळी स्ट्रेचरवर पडल्या पडल्या मी देवाला जगण्याबद्दल सांगितलं, मुग्धाबद्दल सांगितलं, आणि हेही सांगावं की नाही यावर विचार करत असताना भूल चढली.

पाणी पिऊन थांबणं

ऑपरेशन नीट झालं. जखम भरल्यावर रेडिएशन सुरू झालं, तेवढे दिवस मी दादरला मामेबहिणीकडे राहिले. रोज हॉस्पिटल. नियम असा, की आधी पाणी प्यायचं, लघवीची पिशवी भरली की आत घेणार. मशीन उशिराने चालत असलं तर सगळ्या बायका पाय आवळून कॉरिडॉरमध्ये बसलेल्या. कुणी बोलत नसे, बोललं तर सुटेल अशी भीती.

त्यात मुरूडकडच्या एक नसीमाआपा होत्या. नवरा कतारला. एकदा तिथल्या नर्सने आम्हाला एकत्र बसवून एक गुळगुळीत नळकांडं दाखवलं आणि म्हणाली, शेक संपले की हे रोज घरी आत घालून ठेवायचं, नाहीतर मार्ग आवळत जातो आणि मग डॉक्टरांना तपासता येत नाही. आम्ही सगळ्या जमिनीकडे बघत होतो. नसीमाआपा शांतपणे म्हणाल्या, “डॉक्टरच्या सोयीचं झालं. माझ्या नवऱ्याच्या सोयीचं काय? तो दोन वर्षांनी यायचाय. नाही जमलं तर सांगेन त्याला, परत जा कतारला.”

आम्ही हसलो आणि हसताना प्रत्येकीची धावपळ झाली. दोघींना पुन्हा पाणी प्यायला लागलं. त्या सगळ्या काळात मी मोकळेपणी हसले ते तेव्हाच. पण घरी जाताना लक्षात आलं, की नर्सने नवऱ्याचं नाव काढलं नव्हतं आणि माझंही नाही. ते नळकांडं डॉक्टरांसाठी होतं.

नाइट

घरी आले. तपासण्या चांगल्या येत होत्या. ताकद भरली तशी मी हळूहळू कामाला लागले. लोक म्हणायचे, सुजाता पहिल्यासारखी झाली.

दिलीपनी या काळात एक नवीन गोष्ट सुरू केली. ते नाइट बदलून घ्यायला लागले. कुणाच्या घरी लग्न, कुणाचं बाळ लहान, कुणाला नाइट सोसत नाही, सगळ्यांच्या नाइट यांनी घेतल्या आणि आपल्या फर्स्ट त्यांना दिल्या. सहकारी खूश. घरी आले की चहा पिऊन झोपायचे, आणि मी तोवर स्वयंपाकघरात. माझ्याशी वागणं फार प्रेमाचं. पातेली उचलू देत नव्हते, औषधं वेळेवर हातात देत होते. पण खांद्याला हात लागला तरी काढून घ्यायचे. फर्स्ट कॅलेंडरवर यायचीच बंद झाली.

मी याचा अर्थ लावला. एक अर्थ असा, की त्यांना आता माझी किळस येते. दुसरा असा, की त्यांना वाटतं मी आता बाई राहिले नाही. तिसरा अर्थ मी पूर्ण विचारातही आणला नाही. विचारायचं धाडस होत नव्हतं, कारण समजा त्यांनी जवळ घेतलं आणि मला काहीच कळलं नाही, तर? मग तोंडावर काय दाखवायचं? एकदा आंघोळीच्या वेळी मी स्वतःच पाहिलं. जिथे पूर्वी नुसत्या स्पर्शाने कळायचं, तिथे गालाला हात लावावा एवढंच. नस तुटलीय, की मी घाबरलेय म्हणून कळत नाही, हे ठरवता येईना. पुन्हा पाहायची हिंमत झाली नाही. ते नळकांडं मी काही दिवस वापरलं. दुखायचं, आणि कशासाठी करतोय ते समजायचं नाही. मग ते मसाल्याच्या फळीवर मागच्या डब्यात गेलं. एकदा वहिनी दालचिनी शोधत तो डबा उघडायला लागल्या आणि मी कढई सोडून धावले.

त्या दिवशी मग वहिनींना अर्धंमुर्धं सांगितलं. त्या पोळपाटावरून मान वर न करता म्हणाल्या, “आता कशाला हवंय तुला त्ये? जीव वाचला ह्ये पुरं न्हाय व्हय? पोरगी लग्नाला आली.” मी कढईकडे वळले. थोड्या वेळाने त्याच म्हणाल्या, “माझं तर बिनऑपरेशनचंच बंद हाय. मी गेली का कुठं तक्रार घेऊन?”

त्यांना मला दुखवायचं नव्हतं. पण त्यानंतर मी ठरवलं की हा विषय संपला. कामं वाढवली. शनिवार-रविवारबरोबर शुक्रवारच्याही ऑर्डरी घेतल्या.

‘लागू नाही’

पुढच्या एका तपासणीला डॉ. रेणुका भेटल्या. वयाने मुग्धापेक्षा थोड्याच मोठ्या. अशा उपचारांनंतर बायकांच्या शरीरात लैंगिक सुखाच्या वेळी काय बदलतं, यावर त्यांचं संशोधन चालू होतं. भाग घ्यायचा की नाही हे आपल्यावर, मधेच सोडलं तरी चालेल, नाव कुठे येणार नाही, हे त्यांनी नीट समजावलं. मी हो म्हटलं ते एकाच कारणाने. त्या दिवशी वहिनींचे गुडघे धरले होते, त्या घरीच होत्या, आणि दिलीप नाइट करून झोपले होते.

आधी प्रश्नावली होती. ‘लैंगिक उद्दीपनाची वारंवारता’, असल्या मराठीत. मी भराभर सगळीकडे ‘लागू नाही’वर खूण केली आणि कागद परत दिला. त्यांनी तो पाहिला आणि खुर्ची पुढे ओढली.

“ताई, सगळंच लागू नाही?”

मी म्हटलं, माझी बोट आहे. त्या म्हणाल्या, पुढचीही असेल. मग मला काय झालं माहीत नाही. मी म्हटलं, “मला तिथे काही कळतच नाही आता. ते गेलंय का, एवढं सांगा.”

इतक्या दिवसांनी तो प्रश्न तोंडातून बाहेर आला आणि समोरच्या मुलीने मान खाली घातली नाही. त्यांनी कागदावर चित्र काढलं. गर्भाशयाच्या दोन्ही बाजूंनी बारीक नसांचं जाळं जातं. लघवीचंही त्यातूनच चालतं, आणि सुखाच्या वेळी तिथे रक्त धावून येतं, ओलावा येतो, तेही. ऑपरेशनमध्ये कॅन्सर काढताना यातल्या काही नसांना धक्का लागू शकतो. रेडिएशनने कातडी पातळ आणि कोरडी होते. पुरुषांच्या अशा ऑपरेशनात या नसा वाचवायच्या कशा, यावर आधीपासून पुष्कळ विचार झाला, कारण पुरुषाचं बिघडलं तर ते दिसतं. बायकांचं दिसत नाही आणि त्या बोलत नाहीत, म्हणून मोजायलाही फारसं कुणी गेलं नाही. आम्ही आता ते मोजायचा प्रयत्न करतोय, असं म्हणाल्या. मला वाटलं होतं की असा विचार करणारी मी एकटीच बया आहे.

तपासणीचा दिवस नंतरचा ठरला. दिलीपना मी फक्त ‘तपासणी’ म्हटलं आणि एकटीच गेले. भीतीने मला आदल्या दिवसापासून जेवण जात नव्हतं. मोजल्यावर शून्य आलं तर? न मोजता निदान शंकेला जागा होती.

खोलीला आतून कडी होती. उपकरण बोटाएवढं, त्यात बारीक दिवा. ते आपणच आत ठेवायचं, आणि त्याच्या उजेडावरून तिथे रक्त किती येतं ते बाहेरच्या मशीनवर कळतं. आधी नुसतं पडून राहायचं, मग कानाला लावून एक गोष्ट ऐकायची. नवरा-बायकोच्या जवळिकीची होती, त्यात वाईट काही नव्हतं. आत कुणीच येत नाही. डॉ. रेणुकांचा आवाज भिंतीवरच्या छोट्या स्पीकरमधून यायचा, ताई, ठीक आहात ना? मी छताकडे बघत पापलेटचा हिशोब करत होते. गोष्टीतली बाई दार उघडते आणि नवरा पायरीवर चप्पल काढत असतो, तेव्हा मात्र माझा हिशोब चुकला. आमच्या पायरीवर दिलीप बूट काढतात ते आठवलं. बस, एवढंच. गोष्ट संपल्यावर मला विचारून त्या आत आल्या आणि दुसऱ्या एका यंत्राने त्यांनी तिथल्या कातडीला गरम, गार आणि थरथर कळते का ते पाहिलं. कळलं की बटण दाबायचं. उजवीकडे मी बराच वेळ बटण दाबलं नाही.

बाहेर आल्यावर मी सांगून टाकलं, मला काही वाटलं नाही. त्या म्हणाल्या, एकेकीचा निकाल सांगायची पद्धत नाही, पण तुम्ही विचारलंय म्हणून जे दिसलं तेवढं सांगते. उजव्या बाजूला बरंच बोथट आहे. डावीकडे कळतंय. आणि गोष्टीच्या मध्यावर तुमचं रक्त वाढलं होतं.

मी म्हटलं, मशीन चुकलं असेल. त्या हसल्या. बायकांमध्ये असं पुष्कळदा होतं म्हणाल्या. शरीर आपलं काम करत असतं आणि मनापर्यंत ते पोचत नाही. घाबरलेल्या बाईचं तर नाहीच पोचत. मग लगेच गंभीर होऊन म्हणाल्या, “याचा अर्थ तुम्हाला ते हवंय असा होत नाही. हवं की नको हे तुम्हीच सांगायचं. एवढंच, की वाट पूर्ण बंद झालेली नाही.”

बोटीवर मी वरच्या डेकवर उभी राहिले. आनंद झाला असं म्हणणार नाही. उजवी बाजू गेली याचं रडू येत होतं. आणि डावी बाजू असून उपयोग काय, घरी नाइट चालू होती.

परमिट

डॉ. रेणुकांनी विचारलं होतं, यजमान बोलायला येतील का? मी म्हटलं होतं, नाही येणार. घरी मात्र सांगितलं, की डॉक्टरांना तुम्हालाही भेटायचंय. दिलीपना वाटलं कॅन्सर परत आला. मी नाही नाही म्हणत राहिले, पण ते त्या दिवसापर्यंत नीट झोपले नाहीत.

मग पहिल्यांदाच आम्ही दोघं एका टेबलासमोर शेजारी बसलो. डॉक्टरांनी सरळ विचारलं, उपचारांनंतर तुम्ही एकत्र आलात का? काही अडचण वाटते का? मी टेबलाकडे बघत होते. आता ते काय म्हणतील, एवढंच डोक्यात होतं.

दिलीप म्हणाले, “मॅडम, आम्हाला अजून परमिट मिळालेलं नाही.”

डॉक्टरांना समजेना. मग दिलीपनी समजावलं, कारखान्यात नव्या पोराला समजावावं तसं. प्लांटवर एखाद्या लाइनचं काम निघालं की ती बंद करून टॅग लावतात. काम झालं, तपासलं, परमिटवर सही झाली, की मगच टॅग निघतो. सही झाल्याशिवाय व्हॉल्व्हला हात लावायचा नाही, कितीही साधा दिसला तरी. माणसं मरतात. मग म्हणाले, हिला घरी सोडलं त्या दिवशी औषधांच्या खिडकीपाशी एका तरुण डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं आणि सांगितलं, डॉक्टर सांगत नाहीत तोवर संबंध ठेवायचा नाही. मी विचारलं, कधी सांगतील? म्हणाले, तपासणीला सांगतील. आलो त्या प्रत्येक तपासणीला मी बाहेर बाकावर बसलो. मला कुणी आत बोलावलं नाही.

मग डॉ. रेणुकांनी विचारलं, घरी ताईंनाच का नाही विचारलंत?

“ती हो म्हणाली असती,” दिलीप म्हणाले. “माझ्यासाठी म्हणाली असती. ते रक्त मी पाहिलंय, मॅडम.”

मला राहवेना. मी विचारलं, “आणि नाइट कशाला घेत होता सारख्या?”

ते माझ्याकडे न बघता म्हणाले, “घरी राहिलो असतो तर जमलं नसतं.”

मी आत्तापर्यंत लावलेले सगळे अर्थ तिथेच खाली पडले. हसू की रडू ते समजेना. डॉक्टरांनी त्यांना सांगितलं, की ती बंदी जखम भरेपर्यंतची होती, काही आठवड्यांची. ती केव्हाच संपली. तेव्हाच्या तपासणीत कुणीतरी सांगायला हवं होतं, आमची चूक झाली. दिलीपनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि म्हणाले, “मग लिहून द्या.” आणि डॉक्टरांनी खरोखर केसपेपरवर लिहून सही केली.

नंतर

इथे गोड शेवट करता आला असता. तसं झालं नाही.

आम्ही घाई केली नाही, तरी पहिल्या वेळी मला फार दुखलं आणि नंतर थोडं रक्त दिसलं. चादरीवरचा तो डाग पाहून आम्ही दोघंही एका क्षणात मागे गेलो. दिलीप शर्ट घालून मांडव्याला निघायला तयार. पुढचे दोन दिवस कसे गेले ते सांगत नाही. तपासणी झाली. कॅन्सर नव्हता. रेडिएशनने पातळ झालेली कातडी खरचटली होती, असं होतं, पण रक्त आलं की दर वेळी दाखवून घ्या म्हणाले. मला वाटलं, आता पुन्हा नाइट सुरू होणार. दिलीपनी नाइट बदलून घेतली नाही. तेवढ्यानेच मला धीर आला.

तुमच्यापैकी कुणी या वाटेवर असेल तर मला समजलेलं सांगते. ऑपरेशनच्या आधीच विचारा, की नसांचं काय होणार. कुटुंब पूर्ण झालंय असं कुणी म्हटलं तरी विचारा. नवऱ्याला बाकावर बसवू नका, आत न्या. जाऊ, नणंद बाहेर बसल्या तरी चालेल. कोरडेपणासाठी डॉक्टरांना विचारून जेल वापरा, त्यात कमीपणा नाही. ते नळकांडं डॉक्टरांच्या सोयीसाठी नाही, तुमच्यासाठी आहे. हे समजल्यावर मी ते पुन्हा काढलं आणि मग ते कमी दुखायला लागलं, निदान मला तसं वाटलं. आणि उजवी बाजू माझी अजून बोथटच आहे. ती येईल असं मला कुणी वचन दिलेलं नाही.

सुमनवहिनींना मी सगळं सांगितलं. त्यांनी समोरचे तांदूळ निवडून संपवले. मग विचारलं, “ती डॉक्टरीण फक्त कॅन्सरवाल्यांनाच बघते व्हय?”

माझी भीती गेलेली नाही. दर तपासणीच्या आधी जेवण जात नाही. जवळ येतानाही आधी भीतीच येते, मग बाकीचं.

मागच्या महिन्यात एक सोमवार होता. सोमवारी कॉटेज रिकामी असतात, ऑर्डर नसते. दिलीपची फर्स्ट होती. ते दुपारी आले, जेवले, मी भांडी तशीच ठेवली. मागे माडांत कुणाचा तरी ट्रान्झिस्टर चालू होता, बाकी शांत. आम्ही फार काही ठरवलं नव्हतं. मी नेहमीसारखी श्वास धरून पडले होते, कुठे दुखेल त्याची वाट बघत. आणि मधेच, डावीकडे, अगदी बारीक, पण ओळखीचं.

मी त्यांचा हात घट्ट धरला.

ते जागच्या जागी थिजले. “दुखलं का?”

“नाही,” मी म्हटलं. “कळलं.”